भोकं मोजून घे, निनाद

चि. निनाद यास,



तुझ्या पाणबुडीचं ड्रॉइंग मिळालं. पाठोपाठ तुझ्या बाबांचा, म्हणजे आमच्या दादाचा, फोनही आला. "तुझं तो ऐकतो, तूच समजाव त्याला," म्हणाला. मी तुला थांबवावं अशी त्याची इच्छा आहे. मी थांबवणार नाही. बॉयलर, रिअ‍ॅक्टर आणि अमोनियाच्या टाक्यांची वेल्डिंग तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. आपल्या घरातला मुलगा रेवदंड्याच्या एका शेडमध्ये दोन माणसांची पाणबुडी स्वतःच्या हाताने बांधायला घेतो, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण ड्रॉइंग बघून काळजी लागली. 12 मिलिमीटरच्या पत्र्याचं गणित तू तीन पानं मांडलं आहेस आणि त्याच पत्र्यात तू 14 भोकं दाखवली आहेस, त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. हे पत्र मी जाहीर लिहितेय, कारण तुझ्यासारखी आणखी मुलं असतील. त्यांच्याही आत्या-मावशा असतील, पण त्यांना वेल्डिंग कळत असेलच असं नाही.

आधी हे नीट समजून घे, की तुझी पाणबुडी मी तपासलेल्या टाक्यांच्या अगदी उलट वागणार आहे. टाकीत दाब आतून असतो. पत्रा ताणला जातो, थोडा वाकडा असला तरी दाबाने गोल व्हायला बघतो. पाणबुडीवर दाब बाहेरून येतो. तिथे गोलाई जराशी बिघडलेली असली, की दाब ती आणखी बिघडवतो आणि एका क्षणी सगळं कवच चेपतं. तुझ्या 1.2 मीटर व्यासाच्या कवचात त्रिज्येच्या अर्ध्या टक्क्याइतकी, म्हणजे 3 मिलिमीटर चूक ही साधारण मर्यादा धरतात. आता विचार कर. भोक कापलं, त्यात जाड रिंग बसवली, चारी बाजूंनी वेल्डिंगची उष्णता दिली, की पत्रा तिथे ओढला जातो. म्हणजे प्रत्येक भोक दोन वेळा नुकसान करतं. एकदा लोखंड कापून आणि दुसऱ्यांदा गोलाई मोडून. तू पत्रा रोल करून आणल्यावर गोलाई मोजलीस. ती रिंगा वेल्ड झाल्यावर पुन्हा मोजायची आहे, हे ड्रॉइंगवर लिही.

पाण्याच्या दाबाचा हिशेब तुला पाठ आहे. दर 10 मीटरला चौरस सेंटीमीटरमागे साधारण 1 किलो. तू 30 मीटरपर्यंत जायचं म्हणतोस, म्हणजे 3 किलो. आकडा छोटा दिसतो. पण तुझं वरचं झाकण 60 सेंटीमीटर व्यासाचं आहे. त्यावर 30 मीटरला साडेआठ टनांचा भार येतो. अगदी 1 मीटर पाण्याखालीही त्यावर जवळजवळ 280 किलो बसलेले असतात. तुझ्यासारखा पैलवानही ते आतून उचलू शकत नाही. म्हणून झाकण बाहेरून बसणारं हवं, म्हणजे समुद्रच ते दाबून धरतो. ते आतून आणि बाहेरून दोन्हीकडून उघडता यायला हवं. आणि अडचणीच्या वेळी आत पाणी घेऊन दोन्हीकडचा दाब सारखा केल्याशिवाय ते उघडणार नाही, हे दोघांनाही पाठ हवं. 2023 च्या जूनमध्ये अटलांटिकमध्ये चेपलेल्या टायटन या पाणबुडीचं झाकण बाहेरून बोल्ट आवळून बंद केलेलं होतं. आतल्यांना ते उघडताच येत नव्हतं. त्या बोटीत पाच जण गेले. त्यांचा घात झाकणाने केला नव्हता, हे खरं. पण आतल्या माणसाच्या हातात काहीच न ठेवणारी रचना मला कधीच मान्य होणार नाही.

आता भोक उघडं राहिलं तर काय होतं ते बघ. 30 मीटरला 2 सेंटीमीटरच्या भोकातून पाणी सेकंदाला 24 मीटर वेगाने आत येतं. हायवेवरच्या गाडीचा वेग समज. सेकंदाला साडेचार लिटर. 100 लिटर पाणी भरायला वीस-बावीस सेकंद. तुझ्या पाणबुडीच्या तरंगण्याचा राखीव जोर तेवढाही नाही. बोटाएवढं भोक, आणि ते शोधून त्यावर हात ठेवेपर्यंत पाणबुडी तळाकडे निघालेली असेल.

हे मी पुस्तकी सांगत नाही. 1 जून 1939 ला ब्रिटिशांची थेटिस ही नवीकोरी पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीला गेली होती. टॉर्पेडोच्या नळीत पाणी आहे की नाही हे बघायला नळीच्या आतल्या दारावर एक छोटी तोटी होती. ती उघडली, पाणी आलं नाही, म्हणून नळी कोरडी आहे असं समजून दार उघडलं. नळीचं बाहेरचं तोंड उघडंच होतं. तोटीचं भोक रंगाने बुजलेलं होतं. 99 माणसं मेली, चौघे वाचले. तुझ्या शेडमध्ये रंगाचा हात फिरवणारा जो कोणी असेल त्याला ही गोष्ट सांग. खोलीमापकाच्या नळीचं भोक 4 मिलिमीटरचं आहे. इपॉक्सीचा एक जाड हात, आणि तुझा काटा 5 मीटर दाखवत राहील तेव्हा तू 25 वर असशील.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्याची आहे, म्हणून ती मला जास्त लागते. अमेरिकेची थ्रेशर ही पाणबुडी 10 एप्रिल 1963 ला 129 माणसांसह बुडाली. समुद्राचं पाणी आत आणणाऱ्या पाइपांचे चांदीच्या झाळीने जोडलेले सांधे होते, त्यांतला एखादा सुटला असावा असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. आदल्या दुरुस्तीच्या वेळी अल्ट्रासॉनिकने 145 सांधे तपासले होते आणि त्यांतले 14 टक्के कमी दर्जाचे निघाले होते. बाकीचे हजारो सांधे न तपासताच बोट समुद्रात गेली. तपासनीसाने धोक्याची घंटा वाजवली होती आणि काम पुढे रेटलं गेलं, असं मी या आकड्यांतून वाचते. त्यानंतर अमेरिकन नौदलाने समुद्राला भिडणारा प्रत्येक सांधा, प्रत्येक झडप, प्रत्येक वेल्ड यांची कागदोपत्री साखळी ठेवायला सुरुवात केली. कुठलं लोखंड, कोणाचा हात, कोणी तपासलं, कोणी सही केली. तुझी बोट लहान आहे, पण वही तेवढीच जाड हवी. पहिल्या पानापासून ठेव.

तुझी 14 भोकं मी पेन्सिलने गोल करून ठेवली आहेत. झाकण एक, खिडक्या पाच, पंख्याचा शाफ्ट एक, सुकाणू आणि आडव्या पात्यांचे दांडे दोन, हवेची लाइन एक, व्हेंटचा दांडा एक, पंपाचं तोंड एक, खोलीमापक एक, केबल एक. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या भोकाशिवाय चालेल ते पाडायचंच नाही. सगळ्यात उत्तम सील म्हणजे न कापलेला पत्रा.

शाफ्टपासून सुरुवात कर. बोडणीला किंवा थळच्या बंदरावर कुठल्याही मच्छीमार बोटीच्या इंजिनखाली वाकून बघ. शाफ्ट बाहेर जातो तिथे पितळी ग्लँड असतो, त्यात ग्रीस लावलेली पॅकिंगची दोरी गुंडाळून भरलेली असते, आणि दोन नट सारख्या मापाने आवळलेले असतात. एक नट जास्त आवळला की दोरी एका बाजूला खाते. तांडेल सांगेल, ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडलंच पाहिजे, नाहीतर शाफ्ट तापतो आणि दोरी जळते. अगदी खरं आहे ते. पण त्याचा ग्लँड पाण्याखाली जेमतेम 1 मीटर असतो आणि ते थेंब उपसायला त्याच्याकडे पंप असतो. तुझ्या 30 मीटरला त्याच ग्लँडवर तीसपट दाब येईल. पाणी थांबवायचं म्हणून तू नट आवळशील, शाफ्ट जड होईल, मोटर जास्त करंट ओढेल, आणि सैल केलास तर गळती. फिरणारं सील ही कायमची झीज आहे. त्याऐवजी मोटरच बाहेर ठेव, तेलाने भरलेल्या बंद डब्यात, आणि तेलाचा दाब बाहेरच्या पाण्याइतकाच राहील अशी रबरी पिशवी जोड. तेल आणि पाणी दोन्हीकडे सारखा दाब असला की सीलला काम उरत नाही. आत फक्त केबल येईल. दोन बाजूंना दोन मोटरा लावल्यास की वळायला सुकाणू लागत नाही, आणि आडव्या पात्यांशिवायही तुझं भागेल. एका फटक्यात तीन भोकं गेली.

केबलच्या बाबतीत तू अलिबागच्या दुकानातून पॅनेलला लावतात ते ग्लँड आणले आहेत. परत कर. ते पावसासाठी आणि थोड्या पाण्यासाठी असतात. शिवाय केबलमध्ये तांब्याच्या बारीक तारांची जुडी असते. बाहेर कुठे तिचं कवच फाटलं, की पाणी तारांच्या फटींतून केबलच्या पोटातून सरकत थेट तुझ्या कंट्रोल बोर्डात पोचतं. बाहेरचं ग्लँड अगदी शाबूत असतानाही. म्हणून प्रत्येक तार भोकाच्या जागी तोडायची आणि मध्ये भरीव तांब्याची सळई घालायची, सळईभोवती इपॉक्सी ओतायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही. असे सगळे पिन एकाच जाड प्लेटमध्ये बसव. ती प्लेट कवचाच्या लोखंडाचीच, तेवढ्याच ग्रेडची, आधी वर्कबेंचवर पूर्ण तयार करून, तपासून, मग पत्र्यात वेल्ड करायची. पितळी किंवा स्टेनलेस फिटिंग सरळ लोखंडात बसवलंस तर आपल्या खाऱ्या, गरम पाण्यात लोखंड त्याच्याभोवती कुरतडलं जाणार. झिंकच्या वड्या लाव आणि दर हंगामाला ओ-रिंगची खोबण उघडून बघ. स्टेनलेसला वरून काही होत नाही, पण ओ-रिंगखाली साचलेल्या पाण्यात त्याला बारीक खड्डे पडतात, आणि गळती नेमकी तिथून सुरू होते.

भोकाच्या कडेबद्दल एक गोष्ट माझ्या हाताखालून शेकडो वेळा गेलेली. टाक्यांना आम्ही नोझलच्या भोवती वरून पॅड वेल्ड करायचो आणि पॅडला लहानसं भोक ठेवायचो. त्यात हवा भरून साबणाचं पाणी लावलं की आतला वेल्ड कुठे सुटलाय ते कळतं. तू तेच पॅड पाणबुडीला काढले आहेस. टाकीला ते चालतं. इथे चालणार नाही, कारण पॅड आणि पत्र्याच्या मध्ये फट राहते, तिच्यात पाणी शिरतं आणि आतल्या आत गंज चालू राहतो. त्याऐवजी भोकाच्या जागी जाड रिंगच पत्र्यात बसव, पूर्ण खोलीपर्यंत वेल्ड कर. मुळाचा पास झाला की डीपी, म्हणजे रंग लावून भेगा शोधायची तपासणी, शेवटचा पास झाला की पुन्हा डीपी, आणि जिथे फिल्म लागेल तिथे रेडिओग्राफी. कापलेलं लोखंड भोकाच्या कडेलाच परत द्यावं लागतं, चार बोटं लांब दिलेलं उपयोगाचं नाही. ताण भोकाच्या कडेला दोन-अडीचपट होतो. दोन भोकं एकमेकांना चिकटून नकोत आणि पत्र्याच्या लांब सांध्यावर तर एकही नको. तुझी चौथी खिडकी नेमकी सांध्यावर आलीय, बघ.

खिडक्यांचं ऐक. पाच नकोत, तीन पुरेत. काच नको, ओतीव अ‍ॅक्रिलिक हवं, आणि शंकूच्या आकारात कापलेलं. रुंद तोंड समुद्राकडे, अरुंद आत. बाटलीच्या बुचासारखं, बाहेरून दाबलं की आणखी घट्ट बसणारं. 20 सेंटीमीटरच्या खिडकीवर 30 मीटरला जवळजवळ टनभर जोर येतो. तो जोरच खिडकीला बैठकीत घट्ट बसवायला वापरायचा. बाहेरची कडी फक्त वर असताना खिडकी पडू नये एवढ्यासाठी. अ‍ॅक्रिलिकला बोल्टची भोकं पाडायची नाहीत, आणि ते पुसायला थिनर, अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिट कधीही नाही. लगेच काही दिसत नाही, मग केसासारख्या बारीक रेघा उमटतात. बसवल्याची तारीख वहीत लिही. दहा वर्षांनी ती खिडकी कितीही स्वच्छ दिसली तरी बदलायची.

आणि इथे कुठली खिडकी, निनाद? आपल्या किनाऱ्याला गाळ आहे. मुंबईजवळ उधाणाला पाणी पाच मीटरपर्यंत वर-खाली होतं, आणि त्या ओढीत चिखल सतत ढवळलेला. हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जातो आपण, एवढा उथळ समुद्र. 30 मीटर पाणी हवं तर कितीतरी आत जावं लागेल. आणि मधल्या पट्ट्यात कोळ्यांच्या डोली लागलेल्या असतात, बोंबील आणि जवळ्याची. खुंटाला बांधलेलं ते जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर उघडं राहतं. बाहेर आलेली प्रत्येक कडी, दांडा, बोल्ट त्यात अडकतो. म्हणून भोकं कमी कर म्हणते तेव्हा बाहेर आलेले कोपरेही कमी कर असं माझं म्हणणं आहे. 1973 च्या ऑगस्टच्या शेवटी आयर्लंडजवळ पायसिस 3 ही दोन माणसांची बोट वर ओढून घेताना एक दोर तिच्या मागच्या गोलाच्या झाकणाला अडकला, झाकण उपटलं गेलं, तो गोल भरला आणि बोट 480 मीटरवर जाऊन बसली. तीन दिवसांहून जास्त काळानंतर दोघांना जिवंत वर काढलं. त्यांच्यासाठी देशोदेशीच्या बोटी धावल्या होत्या. रेवदंड्याला काय धावेल ते आधी ठरव.

हवेच्या लाइनीला कवचाला लागूनच एक झडप, तिच्यामागे दुसरी, दोन्ही बसल्या जागी हाताला येतील अशा. पंपाचं तोंड काढून टाक. व्हेंट हवेच्या दाबाने चालवलास तर फिरणारा दांडा जाऊन एक बारीक लाइन येईल. मग उरली आठ. आता एक भोक मात्र वाढव, जे तुझ्या ड्रॉइंगमध्येच नाही: तळाचं शिशाचं वजन आतून सोडायचा दांडा. वीज गेली, हवा संपली, तरी एका माणसाने मुठीने फिरवला की वजन सुटलं पाहिजे. दोन ओ-रिंगांचा साधा दांडा. या भोकाला मी मनापासून मंजुरी देते. एकूण नऊ.

मग चाचण्या. प्रत्येक फिटिंग बसवण्याआधी लहान भांड्यात, समुद्राकडची बाजू पाण्यात ठेवून, हायड्रोटेस्टच्या हातपंपाने निदान सव्वापट दाबापर्यंत नेऊन ठेव. पाण्याने, हवेने कधीच नाही. दाबलेली हवा फुटली की जीव घेते. बोट बांधून झाली की आतली हवा थोडी ओढून घे, काटा नोंदव, रात्रभर ठेव. सकाळी काटा हलला असेल तर कुठलं तरी सील खोटं बोलतंय. त्यानंतर रिकामी बोट क्रेनने खाली सोड, ठरवलेल्या खोलीपेक्षा जास्त. माणूस शेवटी.

हे सगळं करूनही तू परवानगीशिवाय पाण्यात उतरलास तर माझा आशीर्वाद नाही. आपल्याच जिल्ह्यात शेखाडीला 1993 च्या फेब्रुवारीत स्फोटकं उतरली. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरला बेवारस बोटीत रायफली सापडल्या तेव्हा सगळा जिल्हा नाकाबंदीत होता. या किनाऱ्यावर पाण्याखालून वर येणारं अनोळखी लोखंड म्हणजे गंमत नव्हे. तटरक्षक दल, सागरी पोलीस, मेरीटाईम बोर्ड, सगळ्यांना आधी लेखी कळव. 

माझ्या अंगणाच्या टोकावरून खांदेरी दिसते. महाराजांनी 1679 मध्ये मुंबईकर इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधलेला तो किल्ला. त्याचंच नाव घेऊन माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस खांदेरी 28 सप्टेंबर 2019 ला नौदलात आली. त्याच गोदीत बांधलेली शाल्की 1992 मध्ये आणि शंकुल 1994 मध्ये नौदलात गेली. पुढची कलवरी यायला 2017 उजाडलं. मधल्या वर्षांत पाणबुडीचं वेल्डिंग शिकलेले हात दुसऱ्या कामांना लागले, निवृत्त झाले. म्हणूनच 2024 मध्ये माझगावने अरोवाना ही छोट्या पाणबुडीची नमुना बोट पाण्यात सोडली, किंवा चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था मत्स्य 6000 या पाणबुडीसाठी 2.1 मीटरचा टायटॅनियमचा गोल बांधून घेते, तेव्हा मला फार बरं वाटतं. हे काम शिकणारी माणसं या देशाला हवी आहेत. तू त्यांतला एक हो. त्यासाठी आधी जिवंत राहायला हवं.

येत्या रविवारी ड्रॉइंग, पत्र्याचं मिल सर्टिफिकेट आणि तुझा वेल्डर यांना घेऊन थळला ये. नऊ भोकांची जागा एकत्र बसून ठरवू आणि वहीचं पहिलं पान माझ्या सहीने लिहू. तोपर्यंत कटिंग टॉर्च पेटवू नकोस.

तुझी,
आत्या